केलेलं काम सांगता आलं पाहिजे

(नाशिकमध्ये महाविद्यालयीन शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मुलाखतीला जाणाऱ्या आपल्या मुलांच्या हातात एक फाइल असते. आत गुणपत्रिका, एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र, कुठल्या तरी कार्यशाळेला हजर राहिल्याचा कागद. समोरचा विचारतो, "प्रोजेक्टमध्ये तू स्वतः काय केलंस?" आणि मुलगा गप्प. काम केलेलं असतं हो त्यानं! पण ते सांगायची सवय तीन वर्षांत आपण लावलेली नसते. पोर्टफोलिओचा आग्रह मी धरतो तो एवढ्यासाठी.

पोर्टफोलिओत कामाचे नमुने हवेत आणि प्रत्येक नमुन्याखाली विद्यार्थ्याचं स्वतःचं टिपण: हे का केलं, कुठे अडलं, मग काय बदललं. टिपण नसेल तर ती नुसती साठवण.

निफाडकडच्या एका विद्यार्थिनीनं कांदाचाळीचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'आमची कांदाचाळ'. बाईंनी विचारलं, तळाला मोकळी जागा कशासाठी? रुंदी चारच फूट का? तिनं घरी जाऊन वडिलांना विचारलं आणि पुन्हा लिहिलं. उन्हाळ कांदा चार-पाच महिने टिकवायचा, तर ढिगात हवा खेळली पाहिजे. ती खालून शिरते, आणि रुंदी वाढली की मधला कांदा गुदमरून सडतो. ज्यानं चाळ कधी पाहिली नाही, त्यालाही कळेल असं लिहायला तिला चार खर्डे लागले. संवादकौशल्य म्हणतात ते हेच. मग लासलगावचे क्विंटलचे भाव तिनं एक्सेलमध्ये भरले, आलेख काढला. एक्सेलचा वेगळा तास घ्यावाच लागला नाही, कारण तिला ते हवं होतं.

तंत्रज्ञानातल्या बारीक गोष्टीही अशाच अंगवळणी पडतात. पोर्टफोलिओची गूगल ड्राइव्हवरची लिंक पाठवली, पण ती उघडायची परवानगीच दिली नाही, तर पलीकडच्याला काही दिसत नाही, आणि तो परत विचारायला थांबत नाही. फोटो हलका करणं, फाइलला ओळखू येईल असं नाव देणं, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा रूपात, आणणं, हे पहिल्याच सत्रात यायला हवं. आधार कार्ड आणि आईवडिलांचा मोबाइल नंबर मात्र पोर्टफोलिओच्या पानावर कधीही टाकू देऊ नका. गुणपत्रिका ऑनलाइन ठेवायला सरकारचं डिजिलॉकर आहे, 2015पासून. क्रेडिटची, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या श्रेयांकांची, नोंद 2021मध्ये सुरू झालेल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये होते. ही दोन्ही खाती काय मिळवलं ते दाखवतात. कसं मिळवलं, ते मुलांनीच लिहायचं आहे.

भाषेबद्दल माझं मत पक्कं आहे. पहिलं टिपण मराठीत, मग त्याचं इंग्रजी. उलट केलं की मुलं इंटरनेटवरून किंवा एआयकडून परिच्छेद उचलतात आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतात. एआयची मदत जरूर घेऊ द्या, पण आधी स्वतःचा खर्डा हवा, आणि कुठे मदत घेतली ते टिपणात लिहायला लावा.

साठ मुलांचं वाचायचं कधी, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. सगळं वाचू नका. महिन्यातून एकदा मुलांनी जोडीनं एकमेकांचं टिपण वाचावं आणि न कळलेल्या वाक्याखाली रेघ मारावी. तुम्ही फक्त रेघा मारलेली वाक्यं बघा. प्रथम वर्षाच्या वर्गात येत्या आठवड्यातच एका टिपणापासून सुरुवात करता येईल.