सांडव्यावरच्या फळ्या

नमस्कार श्रोतेहो.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला ज्यांची शिवारं आहेत, त्यांना आमची तऱ्हा ठाऊक आहे. आषाढात पाणी नको नको होतं आणि होळी झाली की घागरीसाठी पळापळ सुरू. म्हणून आमच्या आज्जानं स्वतःच्या रानातल्या ओढ्यावर मातीचा बांध घातला. बैलजोडी आणि घरची माणसं लावून, तीन उन्हाळे खपून. उंची 20 फूट आणि पाण्याचा पसारा तीन एकरांचा. राकसकोप किंवा हिडकलच्या मोठ्या धरणांच्या मानानं हे ओंजळभर पाणी. पण हिशेब करून बघा. तीन एकरांत सरासरी आठ फूट पाणी म्हणजे जवळपास तीन कोटी लिटर, 30 हजार टन. दहा टनी ट्रक उभे केले तर तीन हजार होतील. एवढं पाणी मातीच्या एका भिंतीनं अडवलेलं असतं, आणि त्या भिंतीच्या खाली, ओढ्याच्या काठानं 11 उंबऱ्यांची वस्ती आहे.

आज मला जे सांगायचं आहे ते त्या वस्तीसमोर उभं राहून सांगायला हवं होतं, 2019 च्या आधीच.

झालं असं, की बेळगावातून रविवारी माणसं यायला लागली. पाणी, झाडी, शांतता. चुलतभावानं एक बोट आणली, आणि जेवणाची सोय केली. चार पैसे येऊ लागले आणि त्यात वाईट काही नव्हतं. पण पाणी ओसरलं की काठाला चिखल उघडा पडतो, बोट टेकते. मग आम्ही घरातल्यांनीच ठरवलं, पाणी दोन फूट जास्त अडवू. सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर, सागवानी फळ्या आडव्या लावल्या आणि मागे वाळूची पोती रचली. तळं काठोकाठ दिसू लागलं. आलेली माणसं फोटो काढायची, आम्हालाही बरं वाटायचं.

आमचा सांडवा बांधाच्या माथ्यापेक्षा चार फूट खाली आहे. त्यातले दोन फूट आम्ही फळ्यांनी बुजवले. आम्हाला वाटलं, निम्मी वाट उरली. तसं नसतं, श्रोतेहो. सांडव्यावरून वाहणाऱ्या पाण्याची उंची निम्म्यावर आणली की बाहेर जाणारं पाणी जवळजवळ एक तृतीयांशावर येतं. हे मला पुढं एका पाटबंधाऱ्यातल्या निवृत्त ओव्हरसियरनी जमिनीवर काडीनं आकडे काढून दाखवलं. आज्जाला गणित येत नव्हतं, पण तो सांडव्यात शेणाची पाटीसुद्धा ठेवू द्यायचा नाही.

त्याच 2019 च्या पावसाळ्यात, 2 जुलैच्या रात्री, चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं होतं. तेही मातीचंच. खालच्या वाडीतली घरं वाहून गेली. आम्ही टीव्हीवर बघितलं, रात्रभर हळहळलो, आणि आपल्या फळ्या तशाच ठेवल्या. ही गोष्ट मला आजही टोचते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आश्लेषा लागल्या आणि पाऊस थांबेचना. त्या दिवसांत मार्कंडेय, मलप्रभा, घटप्रभा सगळ्याच नद्या कशा चढल्या होत्या, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. रात्री अकराला थोरले काका बांधावर गेले आणि धावत परत आले. पाणी माथ्याच्या वीतभर खाली होतं. वारा सुटला की लाट माथ्यावर चढून पलीकडं सांडत होती.

मातीच्या बांधावरून पाणी गेलं की काय होतं, हे ज्यांच्या रानात असा बांध आहे त्यांनी समजून घ्यावं. पाणी पलीकडच्या उतारावर पडतं, तिथली माती उकरतं, छोटी घळ पडते आणि ती घळ वरच्या अंगाला सरकत माथ्यापर्यंत येते. एकदा माथा कापला की मग पाणी स्वतःची वाट स्वतःच रुंद करतं. त्यानंतर माणसाच्या हातात काही राहत नाही.

आधी वस्ती उठवली. म्हातारी माणसं, लेकरं, दावणीतून सोडलेली जनावरं, सगळे शाळेच्या टेकाडावर. मग फळ्यांकडं गेलो. चुलतभावाच्या कमरेला चऱ्हाट बांधलं, दुसरं टोक जांभळीच्या बुंध्याला. तो पहार घालून जोर करतोय आणि ओरडतोय, "हलंना की!" मागून पाण्याचा दाब एवढा, की फळी खाचेत घट्ट आवळून बसलेली. उन्हाळ्यात दोघांनी हसत हसत बसवलेली फळी, पाच जणांना उपसेना. शेवटी कोयत्यानं पोती फाडली, एक फळी पहारीनं मधोमध मोडली आणि बाकीच्या पाण्यानंच फेकून दिल्या. तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. माणूस गेला नाही. पण आमच्या हुशारीनं ते घडलं, असं मी कधीच म्हणणार नाही.

सांडव्यावर फळी, पोतं, मासे अडवायची जाळी, काही म्हणजे काही नको. जाळीला पालापाचोळा अडकतो आणि तासाभरात तिची भिंत होते. पाणी कमी दिसलं तर कमी दिसू दे. बोट टेकली तर काठावर ओढून ठेवा.

आपल्याला तपासायला कोणी येणार नाही, हेही लक्षात घ्या. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांसाठी आहे, आणि 10 ते 15 मीटरमधल्या, ठराविक अटींत बसणाऱ्या धरणांसाठी. आमचा बांध जेमतेम सहा मीटर. म्हणजे तपासणारे आपणच.

मग तपासायचं काय? आम्ही दर मे महिन्यात गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन अख्खा माथा मोजतो. म्हशींच्या येण्याजाण्यानं आमच्या माथ्यावर एके ठिकाणी दहा इंच खोलगट झालं होतं. डोळ्यांना दिसत नव्हतं, नळीनं दाखवलं. पाणी माथ्यावरून जायचं झालं तर नेमकं अशाच जागेवरून जातं. तिथं माती थरानं टाकून, पाणी मारून, धुमसून घेतली. खेकड्यांची, घुशींची बिळं उकरून घट्ट भरायची. बांधावर मोठी झाडं वाढू द्यायची नाहीत. झाड मेलं की मूळ कुजतं आणि मातीत पोकळ नळी राहते.

आणि पाझर. मातीच्या बांधाला पायथ्याशी थोडा पाझर असतोच, त्यानं घाबरू नका. पण तो बघायचा कसा, हे सांगतो. काचेच्या पेल्यात ते पाणी धरा आणि खिडकीत तासभर ठेवा. पाणी नितळ, तळाशी काही नाही, तर ठीक. तळाशी मातीचा साका बसला, तर बांधाच्या पोटातली माती बाहेर येतेय आणि आत भोक पडतंय. त्या दिवशी मोरी, म्हणजे बांधाखालून पाणी सोडायची वाट, उघडून पाणी उतरवायला लागा, खालच्या लोकांना सांगा आणि जाणकाराला बोलवा. नितळ पाझरसुद्धा बादली आणि घड्याळ घेऊन मोजा. बादली भरायला काल तीन मिनिटं लागली आणि आज दोन, तर तोही इशाराच.

आता पोहायचं. आमच्या भागातली पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात, मीही तसाच शिकलो. पण विहिरीला कडा हाताशी असते, तळ्याला नसते. शिवाय बांधाला लागणारी माती बहुतेक वेळा तळ्याच्या पोटातूनच काढलेली असते. कमरेएवढ्या पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल पुरुषभर खड्ड्यात पडतं, आणि तळाशी गाळ असतो, पाय धरून ठेवणारा. आम्ही उन्हाळ्यात तळं आटल्यावर ते खड्डे बघून घेतले, आणि मुरमाची एकच बाजू पोहण्यासाठी ठेवली. तिथं मराठीत आणि कन्नडमध्ये पाटी आहे, "पाणी खोल आहे", "नीरु आळवागिदे". सांडवा आणि मोरी यांच्या अलीकडं रिकाम्या कॅन बांधलेला दोर पाण्यावर सोडलाय. त्याच्या पलीकडं ना बोट, ना माणूस. मोरी उघडी असेल तर तिथली ओढ वरून दिसत नाही. सांडवा वाहत असेल त्या दिवशी पाण्यात कोणीच उतरायचं नाही, पाहुणे कितीही लांबून आलेले असोत. बोटीत बसणाऱ्यानं लाइफ जॅकेट घालायचंच, पट्टे आवळून.

बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वरखाली होत असतं, ओरडायला श्वासच नसतो. म्हणून काठावर एक जण फक्त बघायला बसलेला हवा, हातात फोन नसलेला. कोणी बुडताना दिसला तर उडी टाकू नका. दोर, बांबू, ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब, जे असेल ते फेका. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबणं, गरगर फिरवणं हे करू नका, त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास चालू नसेल तर उताणं झोपवा, तोंडानं श्वास द्या, छातीच्या मधोमध जोरात आणि भराभर दाबत राहा, आणि दुसऱ्यानं 108 ला फोन लावायचा.

ज्यांच्याकडं प्लास्टिक अंथरलेला कृषी होंडा, म्हणजे शेततळं, आहे, त्यांच्यासाठी एकच सांगतो. त्या प्लास्टिकवर शेवाळ धरलं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर कायमचे सोडून ठेवा, आणि भोवती कुंपण घाला.

आमच्या ओटीवर, दाराच्या मागे, त्या 11 घरांचे फोन नंबर खडूनं लिहिलेत. गेल्या मे महिन्यात लावून बघितले तर तीन लागत नव्हते, ते बदलले. आता मृगाला फार दिवस नाहीत. तुमच्या बांधाखाली किती घरं आहेत ती मोजा, आणि त्यांचे नंबर आज रात्रीच लावून बघा.

नमस्कार.