निरक्षर यंत्रानं शोधलेली अक्षरं

(पडद्यावर: काळ्या कापडावर ठेवलेली एक जळकी वस्तू. कॅमेरा अगदी जवळ.)

भरितासाठी वांगं गॅसवर ठेवावं, तेवढ्यात शेजारीण दारात गप्पा मारायला यावी आणि अर्ध्या तासानं वास आल्यावर आपण आत धावावं. तेव्हा शेगडीवर जे उरलेलं असतं, ते साधारण असं दिसतं. काळंकुट्ट, सुरकुतलेलं, एका बाजूनं चेपलेलं. बोट लावलं तर भुगा होईल असं.

हे पुस्तक आहे.

पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदाच्या, लांबलचक पट्टीवर ग्रीक भाषेत हातानं लिहिलेलं आणि मग वळकटीसारखं गुंडाळून ठेवलेलं. इसवी सन 79 मध्ये इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला. पॉम्पेई सगळ्यांना ठाऊक असतं. तिथून जवळच, समुद्रकाठी, हर्क्युलेनियम नावाचं लहानसं गाव होतं. तेही गाडलं गेलं, आणि पॉम्पेईपेक्षा कितीतरी खोल. तिथल्या एका श्रीमंताच्या बंगल्यात या गुंडाळ्या होत्या. तापलेल्या राखेच्या आणि वायूच्या लोटात त्या जळून राख झाल्या नाहीत, कारण हवाच मिळाली नाही. भट्टीत लाकडाचा कोळसा होतो, तसा त्यांचा कोळसा झाला. म्हणजे ज्या उद्रेकानं गाव मारलं, त्यानंच ही पुस्तकं राखली. नाहीतर इटलीच्या दमट हवेत दोन हजार वर्षं पपायरस टिकतोय कुठला!

(पडद्यावर: भुयाराचा जुना नकाशा. मग लाकडी चौकट, तिला टांगलेले रेशमी धागे.)

1750 च्या सुमारास विहीर खणताना हा बंगला लागला. कार्ल वेबर नावाच्या स्विस अभियंत्यानं त्याच्याभोवती भुयारं खणली. दोन वर्षांनी गुंडाळ्या वर यायला लागल्या, आणि सुरुवातीच्या काही गुंडाळ्या कामगारांनी कोळसा म्हणून फेकून दिल्या. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? चित्र बघा पुन्हा.

ही पुस्तकं आहेत हे कळल्यावर मात्र छळ सुरू झाला. दुसरा शब्द नाही. कुणी सुरीनं मधोमध चिरली, कुणी पारा ओतला, कुणी गुलाबपाणी शिंपडलं. रसायनशास्त्रातले मोठे नाव हम्फ्री डेव्ही इंग्लंडहून आले आणि क्लोरीन वायू वापरून पाहिला. त्यातल्या त्यात सज्जन निघाला तो आंतोनियो पियाज्जो हा व्हॅटिकनमधला धर्मगुरू. त्यानं एक चौकट बनवली. गुंडाळीच्या पाठीला पातळ कातडी पापुद्रा चिकटवायचा, त्याला रेशमी धागे बांधायचे आणि वरून हळूहळू ओढायचं. पहिली गुंडाळी उलगडायला चार वर्षं लागली. निघालं काय, तर फिलोडेमस या तत्त्वज्ञाचं संगीतावरचं पुस्तक. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बंगल्यात या एकाच माणसाची पुस्तकं इतकी निघाली, की ते त्याचंच ग्रंथालय असावं असं अभ्यासकांना वाटतं.

पण शेकडो गुंडाळ्या तशाच राहिल्या. नेपल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, ट्रेमध्ये कापसावर. सहा नेपोलियनला भेट म्हणून गेल्या. त्या पॅरिसला आहेत. हात लावायची कुणाची हिंमत नाही, आणि फेकून द्यायची तर मुळीच नाही.

(पडद्यावर: सीटी स्कॅनची काप-काप चित्रं. झाडाच्या वर्तुळांसारख्या रेषा.)

अमेरिकेत केंटकी विद्यापीठात ब्रेंट सील्स नावाचे संगणकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. न उघडता वाचायचं, हा त्यांचा ध्यास. कल्पना सांगायला सोपी आहे. दवाखान्यात डोक्याचा सीटी स्कॅन काढतात, तसा गुंडाळीचा काढायचा. प्रत्येक कापात पपायरसचे थर मच्छरच्या कॉइलसारखे दिसतील. संगणकावर तो थर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पकडायचा, सपाट पसरायचा आणि वाचायचा. मृत समुद्राजवळ एन-गेदी इथं 1970 मध्ये सापडलेली एक जळकी गुंडाळी त्यांच्या गटानं अशी वाचूनही दाखवली. 2016 मध्ये तो शोधनिबंध आला. आत बायबलमधलं लेव्हीय हे पुस्तक निघालं.

पण ते जमलं, कारण तिथली शाई क्ष-किरणांत चमकली. हर्क्युलेनियमच्या बाबतीत मोठी गोची होती. ही शाई काजळी आणि डिंकाची. आपल्याकडे दिव्याच्या काजळीची शाई करायचे, तीच जात. काजळी म्हणजे कार्बन. आणि जळका पपायरस म्हणजे? तोही कार्बनच. क्ष-किरणांना दोन्ही सारखेच. कोळशावर कोळशानं लिहिलेलं. सील्स यांनी 2009 मध्ये पॅरिसच्या गुंडाळ्या स्कॅन केल्या. आतले थर स्वच्छ दिसले. अक्षर एकही नाही.

पुढच्या खेपेला त्यांनी मोठं हत्यार काढलं. ऑक्सफर्डजवळ डायमंड नावाचा सिंक्रोट्रॉन आहे. इलेक्ट्रॉनांना प्रकाशाच्या वेगाच्या जवळ नेऊन वर्तुळात फिरवलं, की त्यातून अतिशय प्रखर क्ष-किरण निघतात. आपल्याकडे इंदूरला असं यंत्र आहे. 2019 मध्ये डायमंडवर काढलेल्या स्कॅनमध्ये दर 8 मायक्रॉनला एक ठिपका होता, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण आठवा-दहावा हिस्सा. इतक्या जवळून पाहिल्यावर शाईचा रंग नाही, तरी पोत वेगळा दिसेल अशी आशा होती. जुन्या छळात सुटलेल्या काही तुकड्यांवर शाई वरूनच दिसते. ते तुकडे स्कॅन करायचे आणि ‘इथं शाई आहे, इथं नाही’ असं यंत्राला, म्हणजे संगणकातल्या ‘मॉडेल’ला, शिकवायचं, हे काम सील्स यांच्या विद्यार्थ्यांनी केलं. सुट्या तुकड्यांवर यंत्र जमवायला लागलं. बंद गुंडाळीत काही केल्या जमेना.

मग मार्च 2023 मध्ये त्यांनी एक गोष्ट केली, जी विद्यापीठांतले लोक सहसा करत नाहीत. सगळे स्कॅन आणि सगळं सॉफ्टवेअर जगापुढे उघडं टाकलं. दोन तंत्रज्ञान-गुंतवणूकदारांनी बक्षिसं लावली. व्हेसुव्हियस चॅलेंज नाव दिलं. अट अशी, की वर्ष संपायच्या आत बंद गुंडाळीतले चार उतारे, प्रत्येकी किमान 140 अक्षरांचे, वाचून दाखवायचे.

(पडद्यावर: सपाट केलेल्या थराचं करडं चित्र. बराच वेळ काहीच घडत नाही.)

हे चित्र जरा वेळ बघा. मुद्दाम थांबवलंय.

काही दिसलं? आम्हालाही नाही. केसी हँडमर या ऑस्ट्रेलियन माणसाला दिसलं. शिक्षणानं भौतिकशास्त्रज्ञ, आता उद्योजक. तो अशा चित्रांकडे तासन् तास नुसता बघत बसला. ना प्रोग्रॅम, ना मॉडेल. बघता बघता त्याला एका जागी बारीक भेगांची नक्षी जाणवली. उन्हाळ्यात तळं आटल्यावर तळाच्या चिखलाला पडतात तशी. वाळलेली शाई तडकली होती. आणि त्या भेगाळ पट्ट्यांचे आकार ग्रीक अक्षरांसारखे होते.

आमच्या मते या सगळ्या कहाणीतला हा खरा क्षण. बातम्यांमध्ये मथळा आला, ‘कृत्रिम बुद्धिमत्तेनं वाचली प्राचीन पुस्तकं’. त्यात खोटं काही नाही. पण पहिली शाई उघड्या डोळ्यांनी दिसली, कंटाळा न आलेल्या एका माणसाला.

ही नक्षी ल्यूक फॅरिटरनं उचलली. नेब्रास्का विद्यापीठातला 21 वर्षांचा विद्यार्थी. भेगा दिसतील त्या जागा खुणा करून मॉडेलला शिकवायच्या. मॉडेल आणखी थोड्या जागा दाखवतं. त्यातल्या पटतील त्या पुन्हा त्यालाच शिकवायच्या. विरजण लावल्यासारखं. चमचाभर दह्यावर पातेलंभर लागतं. ऑक्टोबर 2023 मध्ये पहिला पूर्ण शब्द जाहीर झाला: ‘पोर्फिरास’. जांभळा. रोममध्ये जांभळं वस्त्र म्हणजे सत्ता आणि पैसा. बर्लिनमध्ये पीएचडी करणाऱ्या युसेफ नादेर या इजिप्शियन तरुणाला तोच शब्द स्वतंत्रपणे सापडला, आणि जास्त स्पष्ट.

मग हे दोघं आणि झ्युरिकला रोबोटिक्स शिकणारा जुलियन शिलिगर एकत्र आले. 5 फेब्रुवारी 2024 ला 7 लाख डॉलरचं मुख्य बक्षीस त्यांना जाहीर झालं. त्या वेळच्या दरानं पावणेसहा कोटींहून जास्त. चार उतारे मागितले होते. त्यांनी पंधरा स्तंभ दिले, दोन हजारांहून जास्त अक्षरं.

(पडद्यावर: काळ्यावर पांढरी ग्रीक अक्षरं, ओळीनं.)

आता मनात येतो तो प्रश्न विचारायलाच हवा. यंत्रानं हे थापलं नसेल कशावरून? आजकाल ही मॉडेल ठोकून देतात हे आपण रोज बघतो.

त्याची सोय फार साधी होती. या मॉडेलला ग्रीक येत नाही. अक्षर म्हणजे काय, हेही त्याला ठाऊक नाही. त्याला एका वेळी एवढासा चौकोन दाखवतात, की त्यात अख्खं अक्षर मावत नाही. एवढंच विचारतात: इथं शाई आहे का? हो किंवा नाही. अशी लाखो उत्तरं शेजारी-शेजारी मांडली की माणसाला त्यात अक्षरं दिसतात. अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला मोर काढायचाय हे माहीत असतं. इथं फक्त ठिपके देणारा आहे, आणि त्याला मोर माहीतच नाही. शब्द कल्पून आणायचा तर आधी शब्द यावा लागतो.

वाचायचं काम मग पपायरसतज्ज्ञांकडे गेलं. नेपल्स विद्यापीठाच्या फेडेरिका निकोलार्डी आणि त्यांच्यासारखे इतर, वर्षानुवर्षं तुटकी अक्षरं लावत बसलेले. मोडी वाचणारा जाणकार जसा एका वेलांटीवरून गावाचं नाव ओळखतो, तसे हे लोक. त्यांनी आधी एकमेकांचं न बघता वेगवेगळं वाचलं आणि मग जुळवून पाहिलं. ते नसते, तर दोन हजार अक्षरांचे दोन हजार ठिपकेच राहिले असते.

आणि लिहिलंय काय आत? सुखाविषयी. संगीत, खाणंपिणं. लेखक म्हणतो त्याचा आशय असा: अन्नाच्या बाबतीत, जे दुर्मिळ ते मुबलक असलेल्यापेक्षा जास्त सुख देतं, असं आपण लगेच धरून चालत नाही. मार्चमध्ये हापूसची पहिली पेटी घरी आणणाऱ्यांनी यावर विचार करायला हरकत नाही.

हे सगळं मिळून त्या गुंडाळीचा फक्त 5 टक्के भाग. उरलेला अडकलाय तो थर पकडण्यात. चेपलेले, फाटलेले, एकमेकांत शिरलेले थर माणसांनी पडद्यावर माऊसनं रेघा ओढत हातानं वेगळे केले होते. ते काम फार संथ आणि फार महाग आहे. त्यावर यंत्र बसवायची खटपट चालू आहे.

(पडद्यावर: ऑक्सफर्डचं बोडलियन ग्रंथालय, मग स्कॅनचं नवं चित्र.)

मधल्या काळात दुसऱ्या एका गुंडाळीनं गंमत केली. ही ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात असते. 2024 च्या उन्हाळ्यात ती डायमंडवर नेली, आणि तिची शाई मॉडेलशिवायच स्कॅनमध्ये पुसटशी दिसायला लागली. शाईत शिशासारखं काही जड मिसळलं असावं, असा अंदाज. मे 2025 मध्ये तिचं नाव हाती लागलं. जर्मनीतल्या वुर्त्झबर्ग विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी ते शोधलं. फिलोडेमस, ‘दुर्गुणांविषयी’. न उघडलेल्या गुंडाळीचं नाव कळण्याची ही पहिलीच वेळ.

नाव कुठं होतं? अगदी गाभ्यात. आपल्या पोथ्यांमध्ये ग्रंथाचं नाव बहुतेकदा शेवटी, पुष्पिकेत यायचं, ‘इति श्री’ करून. ग्रीक गुंडाळीतही तसंच. शेवट म्हणजे सगळ्यात आतला वेढा. त्यामुळे इथं पुष्पिका आधी वाचून झाली. तिच्या आधीचं पुस्तक बरंचसं अजून गुंडाळीतच आहे.