आईचे तळवे

श्रोतेहो, नमस्कार.

गेली दोन वर्षं मी माझ्या आईला पणजीला पायांच्या डॉक्टरांकडे नेते आहे. आम्ही डिचोलीच्या. सकाळची कदंब बस पकडायची, पणजी स्टँडवर उतरायचं आणि दवाखान्याच्या बाकावर नंबर येईपर्यंत बसायचं. त्या बाकावर जे पाहिलं, ऐकलं, तेच आज सांगणार आहे. यातलं थोडं जरी मला आधी कुणी सांगितलं असतं, तरी आईचे चार महिने वाचले असते.

सुरुवात एका कुरुपापासून झाली. उजव्या पायाच्या तळव्याला, करंगळीच्या मुळाशी. आमच्या शेजारची मावशी त्याला भोवरी म्हणते. मी औषधाच्या दुकानातून कुरुपावर लावायची पट्टी आणली आणि चिकटवली. त्या पट्टीत सॅलिसिलिक आम्ल असतं, ते जाड कातडी मऊ करून सोडवतं. पण कुरूप कुठे संपतं आणि चांगली कातडी कुठे सुरू होते, हे त्या आम्लाला कळत नाही. आईला सतरा वर्षांचा मधुमेह, त्यामुळे तिच्या पायालाही ते कळलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी चादरीवर डाग दिसला. जखम झाली होती. आई म्हणाली, "दुखत नाही गो, कशाला घाबरतेस?" दुखत नाही म्हणून आम्ही आणखी आठ दिवस काढले. मग एका दवाखान्यात गेलो. तिथे चप्पलसुद्धा काढायला न लावता मलम लिहून दिलं. त्यात आणखी तीन आठवडे गेले. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शेवटी पणजीच्या डॉक्टरबाईंकडे पोचलो. तिथली मांडणीच वेगळी. पेशंट उंच खुर्चीवर आणि डॉक्टर खाली, बुटक्या स्टुलावर. आमच्या आधी फोंड्याकडचे एक वयस्क गृहस्थ होते. डॉक्टरबाईंनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला मात्र, त्यांनी पाय चटकन मागे ओढला. "नको नको, तुम्ही पायांना हात लावू नका!" आपल्याकडे पायांना हात लावायचा तो वडीलधाऱ्यांच्या, देवाच्या. डॉक्टरसारख्या माणसाने आपल्यासमोर वाकावं, हे त्यांना सोसवेना. बाई म्हणाल्या, "काका, माझं कामच हे आहे. तुम्ही पाय दिला नाहीत तर मी करू काय?" तेव्हा कुठे त्यांनी हळूच पाय पुढे केला. बोटांच्या बेचक्यांत चिखल्यांनी पांढरी पडलेली कातडी होती, आणि दोन नखं वाढून मांसात शिरली होती. लाज वाटायची म्हणून वर्षभर त्यांनी घरातसुद्धा मोजे काढले नव्हते. बाकावर बसणाऱ्या किती जणांना असा संकोच असतो! भेगा पडलेल्या, वास येणाऱ्या पायांचा. बायका तर साडीच्या काठाखाली पाय ओढून घेतात.

मग आमची पाळी आली. बाईंनी आधी आईच्या चपला हातात घेतल्या, उलट्या करून पाहिल्या, आतून बोट फिरवलं. उजव्या चपलेची बाहेरची कड झिजून पातळ झाली होती, नेमकी जखमेच्या खाली. नंतर एक नायलॉनचा धागा काढला, मासे धरायच्या तंगुसासारखा. तो टेकवून वाकेपर्यंत दाबला की कातडीवर १० ग्रॅमचा दाब पडतो. त्या म्हणाल्या, "आजी, डोळे मिटा. लागलं की हो म्हणायचं."

आईने डोळे मिटले. बाईंनी अंगठ्याखाली धागा टेकवला. आई गप्प. करंगळीखाली टेकवला. गप्पच. मग बाईंनी धागा हातातच धरून ठेवला, कुठेही लावला नाही. आणि आई म्हणाली, "हो."

थोड्या वेळाने पुन्हा, "हो." धागा हवेतच होता.

आई खोटं बोलत नव्हती. इतका वेळ काहीच लागत नाही म्हणजे आपलंच काही चुकतंय असं तिला वाटत होतं, आणि समोरच्या माणसाचं मन राखायची तिला जन्माची सवय. मी खुर्चीच्या मागे उभी होते. तिचे मिटलेले डोळे, मांडीवर घट्ट धरलेली पर्स, आणि ते आज्ञाधारक "हो". मला रडू आवरेना. सहा महिने, कदाचित दोन वर्षं, मधुमेहामुळे आईचे तळवे मुके होते आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता.

घोट्याजवळची नाडी चांगली लागत होती. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.९ च्या खाली गेलं तर पायाला रक्त कमी पोचतं असं समजतात. आईचं बरं होतं, म्हणजे जखम भरायला वाव होता. बाईंनी बारीक पात्याने जखमेभोवतीची जाड कातडी तासून काढली. आईला काहीही जाणवलं नाही. ती पंख्याकडे बघत होती.

मग पायाला प्लास्टर. हाड मोडलेलं नसताना प्लास्टर कशाला, हा प्रश्न त्या बाकावरचा प्रत्येक जण विचारतो, मीही विचारला. बाईंचं उत्तर सोपं होतं. मलमाने जखम भरत नाही, तिच्यावरचा भार काढला की भरते. ज्याला दुखतं तो आपोआप लंगडतो आणि दुखऱ्या जागेवरचा भार काढतो. आईला दुखतच नव्हतं, म्हणून ती त्याच जखमेवर तुळशीला फेऱ्या घालत होती, बाजार करत होती. प्लास्टर तिच्या वतीने लंगडणार होतं. दर आठवड्याला बदलायचं, असं दीड महिना चाललं, आणि जखम मिटली.

हे ज्ञान आलं कुठून, तेही सांगते. १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड हे शल्यविशारद वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांची बोटं आपोआप झडतात, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. मांस आपोआप कुजत नाही, वेदना कळत नसल्यामुळे रोगी नकळत स्वतःला इजा करून घेतात, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे अमेरिकेत गेल्यावर मधुमेहाच्या पायांनाही त्यांनी हाच विचार लावला. मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपलाही आपल्याकडे आधी कुष्ठरोग्यांसाठीच निघाल्या. आईला त्याच घ्यायच्या होत्या. ती अडून बसली. "लोक काय म्हणतील?" चार दिवस आमचं भांडण चाललं. वरून साधी दिसणारी, आतून तेच रबर असलेली चप्पल मिळाली तेव्हा कुठे मिटलं.

बाकावर सगळेच मधुमेहाचे नसतात. एक बसचालक भेटले. क्लच दाबून दाबून टाच धरलेली, सकाळी अंथरुणातून उतरून पहिलं पाऊल टाकताना डोळ्यांत पाणी यायचं. त्यांना पोटऱ्या ताणायचे व्यायाम आणि टाचेखाली मऊ गादी मिळाली. कळंगुटच्या हॉटेलात वेटर असलेला एक मुलगा होता, दिवसभर टोकदार बुटात उभा. अंगठ्याचं नख मांसात रुतलं होतं. नखं गोल, कोपऱ्यात खोल कापू नका, सरळ कापा, एवढं सांगून बाईंनी त्याला बूट संध्याकाळी विकत घ्यायला सांगितलं. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी नीट बसलेला बूट संध्याकाळी आवळतो.

पण बाक भरतो तो मधुमेहानेच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या मधुमेह पाहणीत देशातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के आढळलं. गोव्यात ते २६.४ टक्के, देशात सर्वांत जास्त. म्हणजे दर चार प्रौढांमागे एक. श्रोतेहो, माझं बोलणं ऐकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात असे पाय आहेत. पायांची जाणीव शाबूत असेल तर वर्षातून एकदा तपासणी पुरते. जाणीव गेलेली असेल तर ती लवकर लवकर करायला हवी, आणि आईसारखी एकदा जखम होऊन गेली असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी. तेव्हा कुठल्याही डॉक्टरकडे जाल, तर विचारायची वाट न पाहता चपला काढा आणि पाय वर ठेवा. साखरेच्या कागदाबरोबर पायही दाखवा.

एक गोष्ट आईला फार जड गेली, ती म्हणजे देवळात अनवाणी जायचं नाही ही. वैशाखात मंगेशीच्या नाहीतर कवळ्याच्या शांतादुर्गेच्या अंगणातली फरशी दुपारी किती तापते ते तुम्ही जाणता. आपण पाय उचलत पळतो. आई शांतपणे उभी राहिली असती आणि घरी येऊन तळव्यांना फोड दिसले असते. बाईंनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "आजी, पहाटे जा, फरशी गार असते. आणि पायांत स्वच्छ सुती मोजे घाला, देवी रागावणार नाही." आई आता तशीच जाते.

रोज रात्री जेवणं झाली की ती पाय धुते, बोटांच्या बेचक्या कोरड्या करते, तळव्यांना खोबरेल तेल लावते, बेचक्यांत मात्र नाही. मग जमिनीवर आरसा ठेवून तळवे बघते. तिची नजर कमी झाली आहे, म्हणून मला हाक मारते. मागच्या पावसात एका रात्री अशीच हाक आली. "बघ गो, हे काळं काय दिसतंय?"

मी बॅटरी लावली. टाचेत परसातल्या लिंबाचा काटा होता, जवळजवळ अर्धा आत. सकाळपासून ती त्याच्यावर चालत होती. मी तो उपसायला गेले नाही. स्वच्छ फडकं बांधलं, तिला पाय टेकू दिला नाही, आणि सकाळी पहिल्या कदंबने आम्ही पणजीला निघालो.