पत्त्यात गाव नसलेली पत्रं

नमस्कार, श्रोतेहो. सातारा, सांगली, कोल्हापुराकडच्या फौजी घरांत माळ्यावर एक काळी पत्र्याची ट्रंक हमखास सापडते. आज तिच्यातल्या पत्रांबद्दल बोलू.

आजोबांना घरून गेलेल्या पत्रावर गावाचं नाव दिसणार नाही. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ'; एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, सैन्याचं टपाल कार्यालय. ५६ची डाक दिल्लीला जमा होई, ९९ची कोलकात्याला. पलटण कुठे आहे ते सैनिकी डाकखात्याला ठाऊक. पलटण हलली तरी घरच्यांना पत्त्यात नवं ठिकाण लिहावं लागत नसे. नंबर मात्र विसरून चालत नसे. मराठा पलटणीत एकाच नावाचे दोन शिंदे, तीन पाटील सहज निघत. मायेपोटी कुणी पत्त्यात ठिकाण घातलं, की गुप्तता गेली आणि पत्रही साध्या टपालात भरकटलं.

पोरगा आता व्हिडिओ कॉल करतो. आईला त्याचा चेहरा दिसतो, ही फार मोठी गोष्ट आहे; तिच्या सासूला 'येथील सर्व क्षेम' या ओळीवर महिने काढावे लागले. गुप्ततेची काळजी आता फोनवर आली. २०२० साली लष्कराने जवानांना ८९ ॲप काढून टाकायला सांगितले. म्हणून घरच्यांनीही पोराचे चौकीवरचे फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नयेत. पण कॉलवरचं बोलणं पत्रासारखं मागे उरत नाही. अग्निवीराची चार वर्षं एखाद्या मोबाइलमध्ये मावतात, आणि तो बिघडला की सगळंच जातं. म्हणून दर महिन्याला फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, काही छापून मागे तारीख लिहा.

जुनी पत्रं आधी ट्रंकेतून काढा. तळाला ओल धरते, कसर लागते. टाचण्या काढा, त्या गंजून कागद खातात. फाटलं म्हणून चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक पिवळा पडतो. लॅमिनेशन तर नकोच, ते परत निघत नाही. आंतरदेशीय पत्र सावकाश उलगडा. जागा पुरायची नाही म्हणून जवान घडीच्या पट्टीवरही लिहीत. 'आईस सांभाळा' नेमकं तिथे असतं. फ्लॅश बंद ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. तिकिटासाठी पाकिटाचा कोपरा कापू नका. त्यावरच्या शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे पलटणीजवळच्या सैनिकी टपाल कार्यालयाचा, नंबर आणि तारीख असते. आजोबा तेव्हा कुठे होते, हे घरात कुणालाच ठाऊक नसलं तरी शोधाची सुरुवात त्या नंबरापासून करता येते.