परवानगी नेमकी कोणाला नाकारली?

मित्रहो, डेटाबेस सुरू होत नाही, लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' एवढेच दिसते, आणि कोणीतरी घाईघाईने संपूर्ण डेटा डिरेक्टरीवर 'चमॉड ७७७' चालवून, म्हणजे सर्वांना सर्व परवानग्या देऊन, मोकळे होते. हा उपाय धोक्याचा आहे हे आपण जाणताच. पण पुष्कळदा तो उपायच नसतो, ही बाब तितकीशी ध्यानात घेतली जात नाही. आपली डेटा डिरेक्टरी ७०० (फक्त मालकाला प्रवेश) किंवा, अकराव्या आवृत्तीपासून, ७५० (गटालाही वाचण्यापुरता प्रवेश) यापेक्षा अधिक खुली आढळली की पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर सुरू होण्यासच नकार देतो. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस सर्व्हर तर कोणालाही लिहिता येईल अशी कॉन्फिगरेशन फाइल इशारा देऊन चक्क वाचायची टाळतो.

म्हणून परवानग्यांना हात लावण्यापूर्वी नकार कोणत्या यूझरला मिळाला ते पाहावे. 'मी रूट म्हणून फाइल उघडली, ती व्यवस्थित उघडते' या विधानाला काहीच किंमत नाही, कारण नेहमीची परवानगी-तपासणी रूटला, म्हणजे सर्वाधिकारी प्रशासक यूझरला, लागूच होत नाही. फाइल उघडून पाहायची ती सुडो (दुसऱ्या यूझरच्या नावाने आज्ञा चालवण्याचे साधन) वापरून, सर्व्हर ज्या यूझरच्या नावाने चालतो त्याच नावाने. पोस्टग्रेसमधील, फाइलमधून डेटा भरणाऱ्या, 'कॉपी' आज्ञेबाबत हाच घोळ होतो: फाइल तुमच्या होम डिरेक्टरीत असते, पण ती वाचणारा असतो सर्व्हर, तुम्ही नव्हे. तेथे पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या क्लायंटची बॅकस्लॅशवाली 'कॉपी' वापरली की फाइल तुमच्या अधिकाराने वाचली जाते.

माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळ वाया जातो तो मात्र मार्गावर. फाइलचा मालक बरोबर, तिच्या परवानग्याही बरोबर, तरी नकार. कारण मुळापासून त्या फाइलपर्यंतच्या प्रत्येक डिरेक्टरीवर त्या यूझरला एक्झिक्यूट, म्हणजे आत शिरण्याची, परवानगी लागते आणि मधल्या एखाद्या ठिकाणी ती नसते. फाइलींची यादी देणारी 'एलएस' ही आज्ञा शेवटची पायरी दाखवते. 'नेमआय' ही आज्ञा 'एल' पर्यायासह चालवली तर सगळ्या पायऱ्या एकाखाली एक दिसतात. एसक्यूलाइट या एकाच फाइलमधल्या डेटाबेसचे दुखणे याच्या शेजारचे आहे: डेटाबेस फाइल लिहिता येण्याजोगी असूनही लिखाण फसते, कारण जर्नल फाइल (बदलांची तात्पुरती नोंद) तयार करण्यासाठी डेटाबेस ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावरही लिहिण्याची परवानगी लागते.

हे सारे नीट असूनही त्रुटी क्रमांक १३, म्हणजे तोच 'परमिशन डिनाइड', हटत नसेल, तर नकार देणारा दुसराच कोणीतरी आहे असे समजावे. एसईलिनक्स ही लिनक्समधील वेगळी सुरक्षा-यंत्रणा फाइलवरील लेबल पाहते, आणि 'एमव्ही' आज्ञेने हलवलेली फाइल आपले जुने लेबल सोबत घेऊन येते, त्यामुळे डेटा नव्या डिस्कवर नेल्यानंतर हा प्रकार हमखास भेटतो. 'एलएस'ला मोठ्या लिपीतील 'झेड' पर्याय दिला की लेबल दिसते आणि ऑडिट लॉगमध्ये नकाराची नोंद सापडते. एसईलिनक्स तात्पुरते शिथिल करणे हे निदान म्हणून ठीक. तेच कायम ठेवणे हा निव्वळ आळस. 'सीमॅनेज'ने नव्या मार्गासाठी लेबलचा नियम नोंदवून, ते लेबल बसवणारे 'रिस्टोरकॉन' चालवावे. उबुंटूवर हेच काम ॲपआर्मर करते आणि त्याच्या प्रोफाइलमध्ये मार्गच लिहिलेले असतात. मारियाडीबी या डेटाबेस सर्व्हरच्या सिस्टमडी युनिटमध्ये (सेवा कशी चालवायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) होम डिरेक्टऱ्या लपवणारे 'प्रोटेक्टहोम' चालू असते, त्यामुळे डेटा होमखाली ठेवला तर परवानग्या कितीही बदलल्या तरी सर्व्हरला तो दिसणार नाही.

कंटेनरचे, म्हणजे सर्व्हर वेगळ्या कप्प्यात चालवण्याचे, थोडक्यात सांगतो. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, फाइलच्या मालकाचे नाव ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. कंटेनरच्या आतला क्रमांक आणि बाहेरचा क्रमांक 'एलएस'च्या 'एन' पर्यायाने ताडून पाहावेत.

आणि एवढे करूनही परवानग्या सरसकट बदलायच्याच असतील, तर आधी 'गेटएफएसीएल' ही परवानग्यांची यादी देणारी आज्ञा संपूर्ण डिरेक्टरीवर चालवून तिचे उत्तर एका फाइलमध्ये जपून ठेवावे; काही बिघडलेच, तर 'सेटएफएसीएल' त्याच फाइलवरून जुन्या परवानग्या परत बसवते, आणि रूट म्हणून चालवल्यास मालकीही.