आज्जीला चढता येईल अशी बोट

नमस्कार श्रोतेहो.

कृष्णाकाठच्या मंडळींना काहील म्हणजे काय हे सांगायला नको. पूर आला की गुऱ्हाळातली उसाचा रस आटवायची काहील पाण्यात लोटायची आणि म्हातारी माणसं, शेरडं-करडं तिच्यात घालून कोरड्या जागी आणायची, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. 2005 च्या पुरात मी स्वतः तिच्यात बसलो होतो. काहील रुंद, तळाला सपाट. त्यामुळं माणसं मावतात बरीच, पण वल्हं मारलं की ती जागच्या जागी गरगरते. तिला पुढं नाळ म्हणजे टोक नाही, खाली पाणी कापणारा कणा नाही.

पुढं पंधरा वर्षं मी गोव्यात बोटींची इंजिनं दुरुस्त केली. आता चिकोडी तालुक्यात घरी आहे. उसाचं बिल हातात आलं की ओळखीचं कुणीतरी विचारतंच, "अण्णा, घरच्या माणसांना घेऊन दिवसभर पाण्यावर फिरायला बोट घ्यायची म्हणतो. डेक बोट बरी का?" त्यांना सांगताना मला दर वेळी ती काहील आठवते.

डेक बोट वरून काहिलीसारखी ऐसपैस असते. नाळेकडं इतर बोटी निमुळत्या होतात, ही तिथंही रुंदच राहते, म्हणून पुढंसुद्धा चार-पाच माणसं मांडी घालून बसतात. खाली मात्र नांगराच्या फाळासारखा तळ असतो, तो पाणी कापतो आणि बोट सरळ चालते. लांबी साधारण 18 ते 25 फूट, माणसं आठ ते बारा. तिची बहीण म्हणजे पॉन्टून. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन किंवा तीन लांब नळ्यांवर टाकलेला सपाट माचा. पॉन्टून कमी पाण्यात चालते, हलते कमी, पण तिच्या उभ्या बाजू आणि वरचं छत वारा धरतात. शांत पाण्यात, सावकाश, म्हाताऱ्या माणसांना घेऊन फिरायचं असेल तर पॉन्टून चांगलीच. पोरांना थोडा वेगही हवा आणि पाणी मोठं असेल, तर मी डेक बोटीच्या बाजूनं.

सगळ्यांचा पहिला प्रश्न इंजिनाचा. दीडशे हॉर्सपॉवर बास होईल का? वीस फुटी डेक बोटीला 115 ते 150 चं आउटबोर्ड, म्हणजे मागच्या भिंतीला बाहेरून लावलेलं इंजिन, पुष्कळ झालं. मी उलट विचारतो, घरात आज्जी आहे का? तिचे गुडघे कसे आहेत? कारण बोट पाण्यात असते, काठ ओला आणि उतरता, आणि नऊवारी नेसलेल्या बाईला त्या कठड्यावरून पाय टाकून आत यायचं असतं. तिथं हाताला धरायला दांडा आहे का, कठड्याला फाटक आहे का, आतली जमीन ओल्या पायाला घसरते का, हे बघा. मागची शिडी खाली सोडून बघा. पाण्याखाली निदान दोन-तीन पायऱ्या गेल्या पाहिजेत, नाहीतर पोहून दमलेलं पोर वर येऊ शकत नाही. शिडी इंजिनाच्या शेजारीच असते, म्हणून कुणीही उतरायच्या आधी इंजिन बंद. नुसतं न्यूट्रलवर ठेवून चालत नाही.

म्हणून बोट बघायला कर्त्या माणसानं एकट्यानं जाऊ नये. सगळं घर घेऊन जा, आज्जीला आत बसवा, तिचं मत घ्या.

आता माझ्या काळजीची गोष्ट. डेक बोटीची जी खुबी, तीच तिची खोड आहे. पुढं मोकळी जागा दिसली की सगळी भावंडं फोटोला पुढं धावतात. मागं उरतो चालवणारा एकटा. नाळ खाली दबते, आणि तेवढ्यात वेग कमी केला तर स्वतःच्याच मागून आलेली लाट बोट उचलते आणि पुढून पाणी आत येतं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, तेही एका जागी न थांबणारं. बोट कलेल तिकडं ते धावतं. चालवणाऱ्याच्या जवळ पाटी असते, त्यावर माणसं किती आणि एकूण वजन किती हे दोन्ही छापलेलं असतं. आपण माणसं मोजतो आणि डबे, पाण्याचा कॅन, बर्फाची पेटी विसरतो. केरळात तानूरला 7 मे 2023 ला दुमजली प्रवासी बोट उलटली, 22 जीव गेले. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं तिच्यात होती. बारा लिहिलंय तिथं आपण नऊच बसू या.

आपलं पाणीही ओळखून घ्या. हिडकलच्या धरणात घटप्रभेचं पाणी उन्हाळ्यात उतरतं तसं हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ वर येतं. दिसायला फार सुंदर, हात आपोआप जोडले जातात. पण जे देवळाचं, तेच जुन्या भिंतींचं आणि झाडांच्या बुंध्यांचं. जे वीतभर पाण्याखाली राहतं ते दिसत नाही, आणि इंजिनाचा पंखा त्यावरच आपटतो. मार्चनंतर काठाजवळ वेग नकोच. आणि एप्रिल-मेमधे दुपारी ढग भरून आले की गप काठाला या. वळवाचं वारं धरणाच्या उघड्या पाण्यावर पाच मिनिटांत लाटा उठवतं.

पैसे देण्याआधी परवानगीचं बघा. धरणाचं पाणी पाटबंधारे खात्याचं असतं. राकसकोप धरणाचं पाणी तर बेळगाव पितं, तिथं इंजिनाची बोट मनातसुद्धा आणू नये. इंजिनवाल्या बोटीला 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली नोंदणी लागते.

जुनी बोट घेणार असाल तर माझा अनुभव ऐका. एका ओळखीच्या माणसाकडून मी किनाऱ्यावर चाललेली बोट घेतली. रंग नवा, गाद्या नव्या. आठव्या दिवशी माझी टाच जमिनीतून आत गेली. फायबरखालचं लाकूड भिजून भुसा झालं होतं. तेव्हापासून मी आधी टाचेनं सगळी जमीन ठोकत फिरतो; घट्ट आवाज यायला हवा, बद्द आला की समजायचं. मग इंजिन धरून वरखाली हलवतो. इंजिनाबरोबर बोटीची मागची भिंत जरा जरी लवली, तर ती बोट फुकटही नको.

पेट्रोलचे तीन भाग करा, एक जायला, एक यायला, एक अडीअडचणीला. किल स्विचची लाल दोरी चालवणाऱ्याच्या जॅकेटला अडकवलेली हवी. तो पाण्यात पडला की इंजिन आपोआप बंद होतं. आणि लाइफ जॅकेट बाकाखाली ठेवायचं नसतं, काठावरच घालायचं असतं. लहान पोराचं जॅकेट त्याच्या वजनाचं घ्या, मोठ्या भावाचं चालत नाही. पट्टे आवळून झाले की खांद्यापाशी धरून जॅकेट वर ओढा. ते पोराच्या कानापर्यंत सरकलं तर दुसरं आणा, आणि ते येईपर्यंत काठावरच शेंगा खात बसा.

नमस्कार.