सहासष्ट क्रमांकाच्या रस्त्याच्या टोकाशी

(दृश्य : टेकड्यांतून वळणे घेत जाणारा डांबरी रस्ता, शेवटी फाटक.)

अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातील ६६ क्रमांकाचा हा रस्ता ट्युनिका टेकड्यांतून वळत-वळत येतो आणि या फाटकापाशी संपतो. फाटकाच्या आत सुमारे १८,००० एकर जमीन आहे. तिच्या तीन बाजूंना मिसिसिपी नदी आहे आणि चौथ्या बाजूला या टेकड्या. कागदोपत्री ही लुईझियाना स्टेट पेनिटेन्शिअरी, म्हणजे राज्याचा तुरुंग. पण सगळे तिला अंगोला म्हणतात. यादवी युद्धापूर्वी येथे गुलामांच्या कष्टांवर चालणारे मळे होते आणि त्यांपैकी एका मळ्याचे हे नाव. आफ्रिकेतील अंगोलावरूनच ते पडले असे सांगतात. मालक होता आयझॅक फ्रँकलिन, त्या काळातील बडा गुलाम-व्यापारी. युद्धानंतर सॅम्युएल जेम्स याने राज्याकडून कैदी भाड्याने घेतले आणि ते याच जमिनीवर राबवले. १९०१ मध्ये राज्याने कारभार आपल्या हाती घेतला.

(दृश्य : शेतात ओळीने वाकलेली माणसे, घोड्यावर बंदूकधारी पहारेकरी.)

हे चित्र जुने नाही. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद केली, परंतु गुन्ह्याची शिक्षा म्हणून घ्यायची वेठ तिने वगळली, आणि त्या एका अपवादावर ही ओळ आजही शेतात उभी आहे. कापूस, मका, सोयाबीन आणि भेंडी येथे पिकते. मजुरी तासाला दोन ते वीस सेंट आहे, काहींना तीही नाही. जुलै २०२४ मध्ये संघराज्य न्यायालयाने उन्हाळ्यातील या कामाबाबत कैद्यांच्या बचावाचे उपाय सुधारण्याचा आदेश दिला. तोपर्यंत किती उन्हाळे गेले, हे वाकलेल्या पाठींकडे पाहून मोजता येईल.

(दृश्य : कुबड्या आणि चाकाच्या खुर्च्या; पांढऱ्या केसांच्या माणसांची रांग.)

या रांगेत इतकी म्हातारी माणसे का दिसतात, हे समजण्यासाठी दोन कायदे पाहावे लागतात. लुईझियानाच्या १८९८ च्या घटना-परिषदेने, गोऱ्यांचे वर्चस्व राखण्याचा हेतू उघडपणे सांगून, ज्युरीचे, म्हणजे खटल्यात दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या बारा नागरिकांचे, एकमत नसतानाही दोषी ठरवण्याची मुभा दिली. बारापैकी नऊ, आणि पुढे दहा मते पुरेशी ठरू लागली, त्यामुळे ज्युरीत एखाद-दुसरा कृष्णवर्णीय असला तरी त्याच्या मताला वजन उरले नाही. मतदारांनी २०१८ मध्ये ही तरतूद रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. मात्र ज्यांची प्रकरणे आधीच निकाली निघाली होती, त्यांना या बदलाचा लाभ मिळाला नाही. दुसरा बदल जन्मठेपेचा. पूर्वी साडेदहा वर्षे चांगले वर्तन ठेवणाऱ्या जन्मठेपेच्या कैद्याला सुटकेची वाट असे. १९७० च्या दशकात ती बंद झाली. आपल्याकडे जन्मठेप म्हटले की चौदा वर्षांचा हिशोब मनात येतो, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवे : लुईझियानात जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. अंगोलातील बहुतेक कैदी हीच शिक्षा भोगत आहेत, आणि राज्याच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे एक तृतीयांश असले तरी या तुरुंगात ते सुमारे तीन चतुर्थांश आहेत.

(दृश्य : खाटेवर पसरलेली रंगीत गोधडी, दोन हात टाके घालताना.)

ही गोधडी कैद्यांनी शिवलेली आहे. १९९८ मध्ये येथे अंतकाळच्या शुश्रूषेचा विभाग सुरू झाला आणि त्याचे स्वयंसेवक कैद्यांमधूनच निवडले गेले. त्यांना प्रशिक्षण मिळते. मग ते मरणाऱ्याला भरवतात, अंग पुसतात, कूस बदलून देतात आणि अखेरचे दिवस आले की पाळीपाळीने उशाशी बसतात. खून केल्याबद्दल जन्मठेप भोगणारा माणूस दुसऱ्याच्या ओठांवर ओला बोळा फिरवतो, ते दृश्य आपण थोडा वेळ पाहू.

(दृश्य : सुतारशाळा, रंधा, भुसा, प्लायवूडचे तक्ते.)

शवपेट्याही इथेच बनतात. पूर्वीच्या पेट्या इतक्या हलक्या असत की एका दफनाच्या वेळी तळ निसटला, असे सांगतात. त्यानंतर कैदी सुतारांनी लाकडी पेट्यांचे काम हाती घेतले. तक्ते कापायचे, कडा घासायच्या, आत पांढरी गादी बसवायची, झाकणावर क्रूस जोडायचा. धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांनी आपल्यासाठी याच कार्यशाळेची पेटी निवडली होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीच्या, घुमटाखाली त्यांचे पार्थिव ज्या पेटीत ठेवले होते, ती अंगोलातील कैद्यांनी केली होती, आणि देशाचे राष्ट्राध्यक्ष तिच्यासमोर उभे राहिले होते.

(दृश्य : दवाखान्याची बाहेरची भिंत, मग न्यायालयाची इमारत.)

मरणाच्या तयारीत इतकी काळजी घेणाऱ्या या तुरुंगात आजारावरच्या उपचारांची अवस्था मात्र निराळी आहे. कैद्यांनी २०१५ मध्ये दावा लावला. न्यायाधीश शेली डिक यांनी २०२१ मध्ये येथील वैद्यकीय सेवा क्रूर शिक्षेला मनाई करणाऱ्या आठव्या घटनादुरुस्तीचा भंग करते असा निर्णय दिला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये, सुधारणा झाली नसल्याचे नोंदवून, पुन्हा कडक शब्दांत तेच म्हटले. राज्य सरकार अपिलात गेले. तपासणीसाठी अर्ज करायचा तर काही डॉलर शुल्क, आणि कमाई तासाला काही सेंट. दुखणे अंगावर काढणे म्हणजे काय, हे या हिशोबात आहे.

(दृश्य : लुईझियानातील न्यू ऑर्लिन्स शहराची गल्ली, पायरीवर बसलेली आजी आणि दोन मुले.)

दुखणे फाटकाच्या आत थांबत नाही : जिथून अधिक माणसे तुरुंगात जातात त्या वस्त्यांतील बाहेरच्यांमध्येही नैराश्य आणि चिंता अधिक आढळते, असे डेट्रॉइट शहरातील २०१५ च्या अभ्यासात दिसले, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा पहिल्या दोन आठवड्यांतील मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या १२.७ पट होता, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

(दृश्य : काळी घोडागाडी, दोन भरदार घोडे, मागे चालणारे कैदी.)

ज्याचा देह घरी नेला जात नाही, त्याचे दफन पॉइंट लुकआउट या तुरुंगाच्याच दफनभूमीत होते. येथून न्यू ऑर्लिन्सचे अंतर दोन-अडीच तासांचे आहे. इतक्या वर्षांत आई गेलेली असते, भावंडे पांगलेली असतात, आणि जे उरतात त्यांना अंत्यविधीचा खर्च झेपेलच असे नाही. ही गाडीही कैद्यांनीच बांधली आहे. तिच्यामागे चालणाऱ्यांत उशाशी बसलेले सोबतीही असतात. ते पेटी उतरवतात, दोर सोडतात, माती लोटतात. मग पांढरा क्रूस रोवला जातो, आणि ही माणसे कैद्यांच्या मोजणीच्या वेळेपर्यंत बराकीत परततात.

(दृश्य : क्रूसांच्या रांगा. घोडे परतताना. टापांचा आवाज तसाच राहू द्यावा, निवेदन नाही.)